सोमवार, बुधवार, शुक्रवार

अमेरिकेच्या कोलोराडो राज्यातल्या डेन्व्हर शहरातलं डायलिसिस केंद्र. या बाईंच्या दंडावर फुगवटा दिसतोय ना, तो फिस्टुला. धमनी आणि शीर जोडून केलेला. त्यावर बोटं टेकवली की रक्ताची थरथर लागते. शेजारी उभी असलेली विद्यार्थिनी आत्ता तीच तपासतेय.

ती मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. लहान असताना आईवडिलांसोबत मेक्सिकोतून आली, कागदपत्रांविना. लहानपणी असं आलेल्यांना तात्पुरतं राहू देणाऱ्या 2012 च्या डाका योजनेत तिला कामाचं परमिट मिळालं. दर दोन वर्षांनी ते नवं करून घ्यायचं. केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज तिला मिळत नाही.

आता हे मशीन पाहा. किडन्या निकामी झाल्या की रक्त आठवड्यातून तीनदा, दर खेपेला तीन-चार तास गाळावं लागतं. कागदपत्रं नसलेल्यांना इथे पूर्वी अशी ठरलेली पाळी नव्हती. मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना, त्यांच्यासाठी फक्त इमर्जन्सीचा खर्च उचलते. म्हणून घरीच थांबायचं. पाय सुजायचे, फुप्फुसांत पाणी साठायचं, धाप लागायची. मग इमर्जन्सी विभाग गाठायचा, रक्त तपासायला द्यायचं. पोटॅशियम पुरेसं चढलं असेल तर मशीन. नसेल तर घरी जा, उद्या पुन्हा या. उपचार डॉक्टरांना ठाऊक, मशीनही तिथेच, तरी माणूस मरणाच्या दारात पोहोचेपर्यंत थांबायचं. याला क्रूर म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? शिवाय वेळच्या वेळी डायलिसिस देण्यापेक्षा हे महागही पडतं.

डेन्व्हरच्याच डॉ. लिलिया सर्व्हांटेस यांनी या रुग्णांवर संशोधन केलं. 2018 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की नियमित डायलिसिस मिळणाऱ्यांच्या तुलनेत या रुग्णांना पाच वर्षांत मृत्यूचा धोका 14 पट होता. फेब्रुवारी 2019 पासून कोलोराडोने किडनी निकामी होणं हीच इमर्जन्सी धरली. आता या बाईंना आठवड्यातून तीनदा खुर्ची मिळते.

ही सोनेरी घुमटाची इमारत म्हणजे राज्याचं विधिमंडळ. मेडिकलमध्ये एक वर्ष जास्त घालवून आपली विद्यार्थिनी सार्वजनिक धोरणाची पदव्युत्तर पदवीही घेतेय. तिच्या मांडीवरच्या छापील कागदांवर पिवळ्या खुणा दिसताहेत. वेगवेगळ्या राज्यांचे मेडिकेडचे नियम आहेत ते. कितीतरी राज्यांत अजून जुनीच रीत चालते, आणि ती बदलायची तर नेमकं कुठलं कलम हलवायचं, हे ती शोधतेय. वॉर्डात राउंड घेऊन हे कलम हलत नाही, म्हणून ती इथे आली.

पुढे मेडिसिनची रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, तीन वर्षांचं. परमिट मध्येच संपेल. तेव्हा पुन्हा अर्ज.