वाटीभर

(दृश्य : राजेंद्रनगर, इंदूर. रविवारची सकाळ. ओट्यावर पोह्यांचं पातेलं, वाफ.)

इंदुरात दिवस उजाडतो तो पोह्यांनी. वर शेव, चिमूटभर जिरावण मसाला, शेजारी जिलेबी. आमच्या घरी ताईच्या बशीतले पोहे संपत आले की आई न विचारता पुन्हा वाढायची. ताई हात आडवा धरायची, तरी वाढायची. 'घे गं, पोहेच तर आहेत.'

ताईचं वजन तेव्हा ११८ किलो होतं. उंची १५८ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजनाचं माप, ४७. जोडीला मधुमेह, आणि रात्री घोरता घोरता श्वास अडकायचा. आपल्याकडे बीएमआय ३७.५च्या वर असेल, किंवा मधुमेहासारखा आजार असताना ३२.५च्या वर असेल, तर डॉक्टर जठर लहान करून वजन उतरवण्याच्या ऑपरेशनचा विचार बरीच वर्षं करत आले आहेत. ताई त्या रेषेच्या केव्हाच पुढे गेली होती.

लोक म्हणायचे, तोंडावर ताबा ठेवायला हवा. तिनं तीनदा ठेवला होता. तिन्ही वेळा दहा-बारा किलो उतरले आणि परत आले. वजन घटलं की शरीर भुकेचं घ्रेलिन नावाचं हार्मोन वाढवतं, घटलेलं परत मागतं. हे मला ठाऊक असतं, तर मीही तिला दोन-चार वेळा जे बोललो ते बोललो नसतो.

(दृश्य : रिपोर्टांची फुगलेली फाईल.)

ऑपरेशनच्या आधी दीड महिना तपासण्या. एंडोस्कोपी, सोनोग्राफी, थायरॉइड, हृदय, रात्रीची झोप. मग समुपदेशक. त्यांनी ताईला विचारलं, 'घरात वाढतं कोण?' ताई आईकडे बघायला लागली. आई पदराशी चाळा करत गप्प बसली.

शेवटचे दोन आठवडे पोळी, भात, बटाटा, साखर बंद. प्रोटीन पावडर, ताक, भाज्यांचं सूप. आम्हाला वाटलं, वजन उतरवण्यासाठी. खरं कारण लिव्हरचं होतं. लिव्हर जठरावर पसरलेलं असतं, चरबीनं सुजलेलं असलं तर सर्जनला ते उचलून बाजूला धरणं अवघड जातं. या आहारानं ते आकसतं. डिसेंबरचे दिवस, सराफ्याच्या खाऊबाजारात गराडूचे कंद तळले जात होते, आणि ताई संध्याकाळी दुधीचं सूप पीत होती.

(दृश्य : हॉस्पिटलचा व्हरांडा, सावकाश चालणारी पावलं.)

३ जानेवारीला ऑपरेशन झालं, स्लीव्ह नावाचं. दुर्बिणीतून, पोटावर पाच लहान छिद्रं. जठराचा सुमारे पाऊण भाग काढून टाकतात, उरते केळ्यासारखी अरुंद पिशवी. घ्रेलिन मुख्यतः काढलेल्या भागातच तयार होतं, म्हणून भूकही मंदावते. काढलेलं परत जोडता येत नाही.

त्याच संध्याकाळी नर्सनं तिला उभं केलं. पडून राहिलं तर पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असते. पाणी मिळालं ते औषधाच्या ३० मिलीच्या पेल्यातून. तेवढं संपायला पंधरा मिनिटं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं : ताप, वाढती पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ, नाडी जोरात, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. ते आम्ही कागदावर लिहून फ्रिजवर लावलं. आजही तिथेच आहे.

(दृश्य : दारासमोर रांगोळी, तिळगुळाचं ताट.)

अकराव्या दिवशी संक्रांत. ताईचं सगळं अजून पातळच चाललेलं, आतले टाके कोवळे. शेजारच्या काकू आल्या, तिच्या हातावर तिळाची वडी ठेवली. 'एवढासा तीळ, त्यानं काय होतंय?' ताईला नाही म्हणता येईना. वडी हातात धरून ती तशीच बसली. आई स्वयंपाकघरातून आली आणि तिच्या तळहातावरची वडी उचलून आपल्या तोंडात टाकली. 'तिच्या वाटची मी खाते. गोडच बोलेन.' काकू हसल्या. मी मात्र आईला असं करताना आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. आग्रह करणारी माणसं तयार झाल्याशिवाय या ऑपरेशनची तयारी पुरी होत नाही, असं मला तेव्हापासून वाटतं.

(दृश्य : चांदीची छोटी वाटी, कडेला दबलेली. जवळून.)

तिसऱ्या आठवड्यात घोटलेली डाळ सुरू झाली, तेव्हा आईनं कपाटातून ताईच्या उष्टावणाची वाटी काढली. त्यातली अर्धी वाटी डाळसुद्धा ताईला पुरून उरली. जेवणाच्या आगेमागे अर्धा तास पाणी नाही. दिवसाला ६० ग्रॅम प्रोटीन हवं, ते नुसत्या वरणानं होत नाही, म्हणून पुढे पनीर आलं, अंडंही आलं. आमच्या घरात पहिल्यांदाच.

चौथ्या महिन्यात फणीत केसांचे पुंजके येऊ लागले. झपाट्यानं वजन उतरताना असं होतं, काही महिन्यांत थांबतं. हे आधी सांगितलेलं होतं, तरी ताई बेसिनपाशी उभी राहून रडली. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी, या गोळ्या आता जन्मभर. मधुमेहाची औषधं मात्र डॉक्टरांनी एकेक करून कमी केली.

वर्ष होत आलंय. वजन ८४ किलो. शेव आणि आइस्क्रीम या अरुंद पिशवीतून न अडता सरकतात, तिथे अजूनही जपावं लागतं.

(दृश्य : पुन्हा तोच ओटा, तीच वाटी.)

रविवारी पोहे होतातच. आई दोन चमचे वाटीत घालते, चमचा वर धरून थांबते. 'पुरे?' ताई मान हलवते. एकेक घास चावायला तिला वेळ लागतो, निम्म्यावर पोहे गार होतात. मग आई वाटी उचलते, तेवढेच पोहे गरम करून आणते.