मणक्यातला 'गॅप' आणि अडलेली लघवी

एक्स-रे हातात घेऊन माणूस सांगतो, 'माझ्या मणक्यात गॅप आलाय.' घडलेलं असतं नेमकं उलटं. दोन मणक्यांमधली गादी झिजून तिची उंची कमी होते आणि मणके एकमेकांजवळ येतात. चाळिशीनंतर कितीतरी जणांच्या एक्स-रेत हे दिसतं, आणि त्यातल्या पुष्कळांची पाठ दुखतही नाही. तेव्हा गॅपची धास्ती नको. धास्ती घ्यावी अशी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती समजण्यासाठी मज्जारज्जू कुठे संपतो हे आधी पाहू.

दोन्ही हात कमरेवर ठेवा आणि कमरेच्या हाडाची वरची कड चाचपा. या दोन कडा जोडणारी आडवी रेघ पाठीवर ओढली, तर ती साधारण चौथ्या कंबरमणक्यावरून जाते. मज्जारज्जू त्याच्या बराच वर, पहिल्या-दुसऱ्या कंबरमणक्यापाशीच संपतो. करंगळीएवढा जाड, सुमारे ४५ सेंटिमीटर लांब. गर्भाच्या तिसऱ्या महिन्यात तो मणक्यांच्या नळीत पार खालपर्यंत असतो. पुढे हाडं भराभर वाढतात आणि तो वरच राहतो. त्यामुळे खालच्या नसांना आपापल्या मणक्यातून बाहेर पडण्यासाठी नळीतूनच लांबवर उतरावं लागतं. हा झुपका घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो, म्हणून त्याचं लॅटिन नावही तेच, 'कॉडा इक्विना'. सिझेरियनच्या वेळी भुलीचं इंजेक्शन त्या रेघेच्या आसपास देतात ते याचसाठी: तिथे मज्जारज्जू नसतो, आणि मणक्यांच्या नळीतल्या पाण्यात लोंबणाऱ्या नसा सुईपुढून बाजूला सरकतात. या इंजेक्शनानं कंबर जन्मभर दुखते, हा समज मनातून काढून टाका.

आता गादी. बाहेरून चिवट कडी, आत मऊ गर. कडीला चीर पडून गर मागे आला की 'गादी सरकली' म्हणतो. कमरेत हे बहुतेक वेळा शेवटच्या दोन गाद्यांत होतं. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकली की पायाचा अंगठा वर उचलायला जड जातो आणि टाचांवर चालता येत नाही. तिच्या खालची सरकली तर चवड्यांवर उभं राहताना पाय खचतो, तळपायाची बाहेरची कड बधिर होते. दुखणं एका पायात, कळ पोटरीखाली उतरणारी: ही सायटिका. कळ असह्य असली तरी बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत, ऑपरेशनाशिवाय आराम पडतो.

मज्जारज्जूच दबला तर चित्र निराळं असतं. दाब मानेत असला तर शर्टाची बटणं लावता येत नाहीत. मानेत असो की छातीच्या मणक्यात, पाय ताठरतात, चप्पल निसटली तरी कळत नाही. दुखणं मात्र फारसं नसतं, आणि म्हणूनच उशीर होतो. आपल्याकडे मणक्याच्या क्षयानंही असा दाब येतो, हे लक्षात ठेवायला हवं.

खरी घाई असते ती गादीचा मोठा तुकडा मधोमध मागे येऊन तो सगळा झुपकाच दाबतो तेव्हा. त्यात त्रिकास्थीच्या, म्हणजे कमरेखालच्या तिकोनी हाडाच्या, दुसऱ्या ते चौथ्या नसा असतात. लघवी, शौच आणि खोगिराला टेकणाऱ्या भागाची संवेदना त्यांच्याकडे असते. शौचानंतर धुताना पाण्याचा स्पर्श कळत नाही. कळ दोन्ही पायांत येते. लघवीची धार बारीक होते, मग लघवी अडते. इथे फसगत होते: लघवी अडली तरी पोटात कळ येत नाही, कारण मूत्राशय भरल्याची खबर नेणारी नसही दबलेली असते. पुढे भरून वाहिल्यासारखी थेंबथेंब गळते आणि घरचे म्हणतात, 'होतेय की लघवी!' लघवी केल्यानंतरही सोनोग्राफीत २०० मिलिलिटरपेक्षा जास्त शिल्लक दिसली, तर संशय बळावतो.

अशा वेळी एमआरआय त्याच दिवशी हवा. दाब काढायला ४८ तासांची मर्यादा सांगितली जाते, पण ती निवांत बसण्याची मुदत नव्हे. लघवी पुरती अडण्याआधी दाब निघाला तर ताबा परत येण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते. लघवीची नळी घातली की मूत्राशय रिकामं होतं आणि नातेवाईक रुग्णाला घरी न्यायला निघतात. नळीनं लघवी निघते, नसेवरचा दाब तसाच राहतो. या काळात कमरेला मालीश नको, पाठीवर पाय देणं तर मुळीच नको.

हे सांगायला लोक लाजतात, बायका तर फारच. डॉक्टरांना 'कंबर दुखतेय' एवढंच सांगू नका. 'पहाटेपासून लघवी झाली नाही, धुताना हात लागलेला कळत नाही' असं वेळेसह स्पष्ट सांगा. आणि निघताना रुग्णाला चहा-नाश्ता देऊ नका. ऑपरेशन ठरलं तर भूल देण्याआधी सहा तास पोटात अन्न गेलेलं नसावं लागतं.