सुटकेनंतरची वर्षे

नमस्कार, श्रोतेहो. कुंटणखान्यावर छापा पडला, काही अल्पवयीन मुलींची सुटका झाली, ही बातमी आपण अधूनमधून ऐकतो. बातमी तिथे संपते. मुलीची मात्र त्या रात्री फक्त जागा बदललेली असते. त्या रात्रीनंतरच्या वर्षांत तिला कोणाची सोबत लागते, कायद्याने तिला काय देऊ केले आहे आणि त्यातले प्रत्यक्षात तिच्या हाती काय पडते, याविषयी आज मला आपल्याशी बोलायचे आहे.

फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुंबईच्या वेश्यावस्तीत मोठे छापे पडले आणि चारशेहून अधिक मुली व स्त्रिया बाहेर काढल्या गेल्या. त्यांतल्या दोनशेहून अधिक नेपाळच्या होत्या. एवढ्या जणींना ठेवायचे कुठे, त्यांच्या आजारांवर उपचार कोण करणार, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत कोण बोलणार, याची पुरेशी तयारी नव्हती. नागरिकत्वाचे कागद नाहीत म्हणून नेपाळचे सरकारही आपल्या मुलींना परत घ्यायला राजी नव्हते. अखेर नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्थांनी जबाबदारी उचलली, तेव्हा कित्येक महिने सरकारी गृहांत काढल्यानंतर शंभराहून अधिक जणी काठमांडूला परतल्या. तिथे त्यांच्यापैकी पंधरा जणींनी एकत्र येऊन ‘शक्ती समूह’ ही स्वतःची संघटना उभी केली. नागरिकत्वाचा दाखला नसल्यामुळे संघटनेची अधिकृत नोंदणी व्हायला २००० साल उजाडले. २०१३ मध्ये याच संघटनेला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांच्याविषयीचा प्रत्येक निर्णय इतरांनी परस्पर घेतला होता, त्याच मुली पुढे दुसऱ्या मुलींसाठी निवारागृहे चालवू लागल्या. म्हणून मदतीच्या कोणत्याही व्यवस्थेकडे पाहताना मी आधी एकच गोष्ट पाहते: इथे त्या मुलीला काही विचारले जाते का?

सुटका झालेली मुलगी १८ वर्षांखालील असेल, तर तिला बाल कल्याण समितीसमोर हजर करावे लागते. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि तिने कुठे राहायचे, घरी जायचे की नाही, हे चौकशीअंती समिती ठरवते. पूर्वी या टप्प्यावर मोठी पळवाट होती. कुंटणखाना चालवणाऱ्या घरवालीचा वकीलच मुलीच्या वतीने उभा राहायचा, ती सज्ञान असल्याचे सांगायचा आणि तिला सोडवून पुन्हा त्याच दारात नेले जायचे. कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणाऱ्या ‘प्रेरणा’ या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००२ मध्ये ही वाट बंद केली. दलालाची किंवा घरवालीची बाजू मांडणाऱ्या वकिलाला त्याच प्रकरणात मुलीच्या वतीने उभे राहता येणार नाही आणि अल्पवयीन मुलीचा ताबा दंडाधिकारी नव्हे तर बाल कल्याण समिती ठरवेल, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

आता समिती मुलीला ज्या गृहात ठेवते तिथल्या पहिल्या काही आठवड्यांकडे वळते, कारण बरेचसे काम इथेच सावरते किंवा बिघडते. नाव, वय आणि गाव ही तिन्ही उत्तरे मुलीला पढवलेली असतात. कोणीही विचारले तरी ती ‘एकोणीस पूर्ण’ असे एका दमात सांगते. पोलीस मारतील, ही गृहवाली माणसे तुला कोंडून ठेवतील, हेही तिच्या मनावर बिंबवलेले असते. त्यातच गृहाच्या दाराला कुलूप दिसले की तिला ते खरेच वाटते. रात्रभर जागण्याची सवय झालेल्या शरीराला दहा वाजता दिवे बंद आणि सकाळी सहाला प्रार्थना हे वेळापत्रक झेपत नाही. ती ताट भिरकावते, जेवत नाही, आणि पुष्कळदा ज्याने तिला लग्नाचे वचन देऊन आणून विकले त्यालाच फोन लावून द्या म्हणून हट्ट धरते. नव्या कर्मचाऱ्यांना हा उद्धटपणा किंवा कृतघ्नपणा वाटतो. वास्तविक त्या सगळ्या काळात गोड बोललेला, औषध आणून दिलेला तो एकच माणूस तिला माहीत असतो; तुटलेपणातून आलेली ही ओढ शिक्षेने जात नाही. जिथे एखादी अनुभवी ताई रात्री तिच्या शेजारी बसते, चहा करून देते आणि काहीही विचारत नाही, तिथे काही दिवसांनी मुलगी आपणहून खरे नाव सांगते.

हे खरे नाव तिला किती जणांना सांगावे लागते, याचाही विचार करू या. पोलीस, डॉक्टर, समिती, समुपदेशक, परिवीक्षा अधिकारी, सरकारी वकील, न्यायाधीश. प्रत्येकासमोर तीच हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगायची. हा भार हलका व्हावा म्हणून पोक्सो कायद्यात, म्हणजे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यात, बऱ्याच तरतुदी आहेत. जबाब मुलीच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, घेणाऱ्या अधिकाऱ्याने गणवेशात असू नये, मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करावी, साक्षीच्या वेळी आरोपी तिच्या नजरेसमोर येऊ नये. रुग्णालयाला उपचारांआधी पोलिसांचा कागद मागता येत नाही आणि उपचार मोफत आहेत. एचआयव्हीची लागण टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, त्यामुळे कागदासाठी तिला दारात थांबवणे ही केवळ असभ्य गोष्ट नाही, ती घातक आहे.

या साऱ्या तरतुदींत मला सर्वांत मोलाची वाटते ती सहायक व्यक्तीची. २०२० च्या पोक्सो नियमांनुसार बाल कल्याण समिती तपासापासून खटला संपेपर्यंत मुलीसोबत राहण्यासाठी अशी व्यक्ती नेमू शकते. पुढची तारीख कधी आहे, आरोपीला जामीन मिळाला का, न्यायालयात कोण काय विचारील, हे तिने मुलीला समजेल अशा भाषेत सांगायचे असते. अशी सोबत मिळू शकते हे प्रत्येक कुटुंबाला कळवलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये बजावले. खटला एका वर्षात शक्यतो संपावा असे कायदा म्हणतो. तो लांबतो, मधल्या काळात अधिकारी बदलतात, समुपदेशक बदलतात. अशा वेळी एक चेहरा तरी तोच राहिला, तर मुलगी साक्षीपर्यंत टिकते.

पैशांविषयी थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात २०१३ पासून लैंगिक अत्याचार सोसलेल्यांना मदत देणारी मनोधैर्य योजना आहे; २०१७ च्या सुधारणेनंतर तिच्यात कमाल १० लाख रुपयांपर्यंत अर्थसाहाय्य मिळू शकते आणि ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मंजूर होते. अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात प्राथमिक माहिती अहवालात केवळ अनैतिक व्यापाराची कलमे आहेत की पोक्सोचीही, हे सोबतच्या कार्यकर्त्याने आवर्जून पाहावे, कारण पुढची मदत त्यावर बरीच अवलंबून असते.

खरी वानवा आहे ती अठराव्या वर्षानंतरची. गृहातून बाहेर पडलेल्या मुलीला २१ वर्षांपर्यंत, आणि विशेष परिस्थितीत २३ पर्यंत, अनुरक्षण सेवा, म्हणजे स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंतचा आधार, घेता येते. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बालसंरक्षण योजनेखाली त्यासाठी दरमहा ४००० रुपयांची तरतूद आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरात एवढ्यात खोलीचे भाडेही भागत नाही. वर्षानुवर्षे आपण या मुलींना शिवणकाम, मेंदी आणि पार्लरचे काम शिकवत आलो आहोत. एखादीला ते मनापासून आवडत असेल तर उत्तमच. पण शाळा सुटलेल्या मुलीला दहावीचा अर्ज भरायचा आहे, परिचारिका व्हायचे आहे की गाडी चालवायला शिकायचे आहे, हे विचारल्याशिवाय तिच्यासमोर शिवणयंत्र ठेवणे मला पटत नाही. घरी पाठवण्याचेही तसेच आहे. घरातल्याच कोणी तिला विकले असेल, किंवा गावात चर्चा होऊन ती पुन्हा घराबाहेर पडणार असेल, तर ‘कुटुंबाच्या स्वाधीन’ असा शेरा मारून फाइल बंद करणे म्हणजे तिला दलालाच्या वाटेवर नेऊन सोडणेच आहे.

श्रोतेहो, आपल्या परिसरात अशी मुलगी परत आली असेल, तर तिचे नाव, फोटो किंवा शाळा कोणत्याही समूहावर पाठवू नका. तिची ओळख उघड होईल असे काहीही प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. एखाद्या मुलीचे लैंगिक शोषण होत असल्याचे कळले, तर पोलिसांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि सद्‌हेतूने दिलेल्या माहितीसाठी आपल्यावर कारवाई होत नाही. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. फोन करताना ठिकाण, शक्य असल्यास जवळची खूण आणि आपण काय पाहिले तेवढेच सांगा. वयाची खातरजमा करायला स्वतः आत जाऊ नका, कारण संशय आला की मुलीला त्याच रात्री दुसरीकडे हलवतात.