चिखल कालवू नको रे

(पेडणे येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

संतकवी सोहिरोबानाथांचं 'हरिभजनावीण काळ घालवू नको रे' इथल्या बहुतेकांना पाठ असणार. अभिषेकीबुवांनी ते घरोघर पोचवलं. पण गाताना चाल ओढून नेते आणि मधली कडवी निसटतात. एका कडव्यात नाथ सांगणाऱ्याला बजावतात : 'विवेकाची ठरेल ओल, ऐसे की बोलावे बोल, आपुल्या मते उगीच चिखल कालवू नको रे.' दुसऱ्यात ऐकणाऱ्याला : 'अनुभवावीण मान हालवू नको रे.' अध्यात्माच्या नावाखाली मुद्दाम धूसर बोलण्यावरचं माझं व्याख्यान खरं तर इथंच संपायला हवं.

कुणी म्हणेल, संतही कोड्यात बोललेच की. बोलले. मुक्ताबाईंची मुंगी आकाशात उडते आणि सूर्य गिळते. अर्थ लावताना भल्याभल्यांना घाम फुटतो. पण ते कोडं आहे हे लपवलेलं नाही. एकनाथमहाराजांच्या भारुडात तर चावलेला विंचू कामक्रोधाचा, हे सुरुवातीलाच सांगून टाकलंय. उताराही तिथंच : तमोगुण मागे सारा, सत्त्वगुणाचा अंगारा लावा. सोंग बघून हसणाऱ्यालाही औषध घेऊन घरी जाता येतं.

आता हणजूण-हरमलच्या किनाऱ्यांकडचे अध्यात्म-शिबिरांचे फलक वाचा. आपल्या सभामंडपांतही हे चालतं, उगाच परदेशी पाहुण्यांवर ढकलू नका. ऊर्जा, कंपनं, मध्येच क्वांटम. मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. क्वांटममध्ये मला गणितं भेटली, मनःशांती नाही. तरी शब्दांचं एक वेळ सोडून देऊ. 'म्हणजे काय हो?' असं विचारून बघा. उत्तर येतं, 'हा तुमचा अहंकार विचारतोय.' झालं! शंका हाच शंका घेणाऱ्याचा दोष ठरला. गुरूची उत्तरातून सुटका, आणि शिष्य स्वतःला कच्चा समजून पुढच्या शिबिराचे पैसे भरून मोकळा. हा गोंधळ चुकून झालेला नसतो, तो राखलेला असतो.

'अनुभव शब्दांत मावत नाही' हा बचाव मला मान्य आहे. ज्ञानेश्वरांनाही ते ठाऊक होतं. म्हणून ते गप्प बसले नाहीत की धुकं पसरवत बसले नाहीत. दृष्टान्तामागून दृष्टान्त देत राहिले. समर्थांनी तर भावच ठरवून दिलाय : शिष्याला साधनाला न लावणारे गुरू 'अडक्याचे तीन' मिळाले तरी टाकावेत.

आपल्या सोहिरोबांना चिखल कालवायची गरज का पडली नाही? मूळ घराणं इथल्याच पालयेचं, पुढे बांद्याला. हातात कुळकर्णीपण होतं, तेही सोडून निघालेला माणूस. कुणाकडून काही हवंच नव्हतं. ग्वाल्हेरला महादजी शिंद्यांनी आपल्या कविता त्यांच्यापुढे ठेवल्या, असं परंपरा सांगते. नाथांनी वाखाणणी केली नाही. महादजी रागावले, तेव्हा नाथ म्हणाले, 'अवधूत नहीं गरज तेरी, हम बेपर्वा फकीरी.' कविता कशा वाटल्या, ते महादजींना पुन्हा विचारावं लागलं नसेल.