आमदार निवडताना दिल्लीही निवडली जाते

मित्रहो, विधानसभेची निवडणूक लागली की सोलापुरात नवी पेठ असो वा पूर्व भाग, चर्चा पाणी, रस्ते, कारखाने यांच्यापुढे सरकत नाही. उजनी धरण भरलेलं असतानाही ज्या शहराला रोज पाणी मिळत नाही, त्याने पाण्यावर बोललंच पाहिजे. पण आमदाराला दिलेलं आपलं मत मुंबईत थांबत नाही, ते दिल्लीपर्यंत जातं. हे आपल्याला कुणी सांगत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

राष्ट्रपतींची निवडणूक घ्या. तिथे निवडून आलेले खासदार आणि विधानसभांचे निवडून आलेले आमदार मत देतात. विधान परिषदेच्या सदस्यांना ते मत नाही. आमदाराच्या मताचं मूल्य काढताना राज्याची १९७१ ची लोकसंख्या आमदारांच्या संख्येने भागतात आणि पुन्हा हजाराने भागतात. आपले तेव्हाचे पाच कोटी चार लाख, आमदार २८८. उत्तर येतं १७५. आपल्या जिल्ह्यात करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत अकरा आमदार. म्हणजे १,९२५. खासदाराच्या मताचं मूल्य २०२२ मध्ये ७०० होतं. अकरा आमदारांचं वजन एका खासदाराच्या पावणेतीनपट!

उपराष्ट्रपतींचं मात्र वेगळं. २००२ साली आपले सुशीलकुमार शिंदे भैरोसिंह शेखावतांविरुद्ध उभे होते, तेव्हा सोलापूरच्या एकाही आमदाराला मत नव्हतं. ती निवडणूक फक्त दोन्ही सभागृहांच्या खासदारांची.

आता राज्यसभा. महाराष्ट्राच्या तिथे १९ जागा, आणि त्या भरतात आमदारच. मतपत्रिकेवर नावांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा आणि पेटीत टाकण्याआधी पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायचा. सहा जागा असतील आणि सगळ्या २८८ जणांनी मत दिलं, तर पहिल्या पसंतीची ४२ मतं मिळाली की उमेदवार निवडून आला. जून २०२२ मध्ये सहा जागांना सात उमेदवार होते. सहाव्या जागेचा निकाल दुसऱ्या पसंतीच्या मतांवर लागला. अशा वेळी एकेका आमदाराला किती भाव येतो, ते आपण पाहिलंच आहे. राज्यसभा विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. त्यामुळे आज निवडलेल्या आमदाराने पाठवलेला माणूस त्या आमदाराची मुदत संपल्यावरही दिल्लीत कायदे करत असतो.

चादर-टॉवेलवाल्यांना तर हे जास्त जवळचं आहे. जीएसटीची घटनादुरुस्ती संसदेत मंजूर होऊन भागलं नाही, निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागली. आपल्या विधिमंडळाने ती २०१६ मध्ये दिली. आता दर ठरतात केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांच्या जीएसटी परिषदेत. तिथे केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश मतं लागतात. केंद्र एकट्याने काही करू शकत नाही, सगळी राज्यं मिळूनही केंद्राला डावलू शकत नाहीत. आणि तिथे महाराष्ट्राला जेवढं मत, तेवढंच सिक्कीमला. म्हणून मुंबईतून तिथे कोण जातं आणि यंत्रमागाबद्दल काय बोलतं, हे पुढच्या प्रचारसभेत उमेदवाराला जरूर विचारा.