दुखत न्हाई की

[दृश्य: रंकाळा, पहाट. पाण्यावर धुकं, काठावरून चालणारी माणसं.]

पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर या. संध्यामठ अजून अंधारात असतो. चालणाऱ्यांच्या गप्पा मात्र पाण्यावरून लांबपर्यंत ऐकू येतात. शुगर किती आली, बीपीची गोळी कुणी बदलली, गुडघ्याच्या ऑपरेशनला किती खर्च आला. कोल्हापुरात आजार लपवायची पद्धत नाही. इथं मूळव्याधीची चर्चाही खणखणीत आवाजात होते.

मग कुणीतरी गल्लीतल्या एका वहिनींची चौकशी करतं आणि आवाज एकदम खाली येतो.

"तसलंच निघालंय म्हणं."

तसलं. एवढंच. कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारत नाही. चार पावलं सगळे गप्प चालतात आणि पुन्हा ऊसबिलाचा विषय निघतो.

[दृश्य: शिवाजी पेठ. मिरची कुटायचा डंख, तांबड्या धुळीनं माखलेली भिंत, चटणीचे डबे घेऊन बसलेल्या बायका.]

माझी आत्या शिवाजी पेठेत राहायची. उन्हाळा आला की तिच्या घरात पाऊल ठेवलं तरी ठसका लागायचा. वर्षाची चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला ती स्वतः डंखावर उभी राहून करून आणायची. आमच्या चार घरांची चटणी तिच्याकडंच असायची.

त्या वर्षी एप्रिलमध्ये आंघोळ करताना तिच्या छातीला गाठ लागली. हरभऱ्याएवढी. तिनं ती माझ्या आईला सांगितली, पण कशी? चटणीचं मीठ कमी पडलं हे जितक्या सहज सांगावं, तशी. आई म्हणाली, दाखवून ये. आत्या म्हणाली, "दुखत न्हाई, खुपत न्हाई, मग दवाखान्यात कशाला जाऊ? चटणी हुंदे, मग जातो."

आमच्याकडे बायकाही 'जातो, करतो' असंच म्हणतात. तिचं ते 'जातो' मला अजून ऐकू येतं.

चटणी झाली. मग वटपौर्णिमा आली. मग पंचगंगेला पूर आला आणि नातेवाईक राहायला आले. मग गौरी-गणपती. गाठ आता लिंबाएवढी झाली होती, पण अजून दुखत नव्हती. नवरात्रात वरची कातडी आत ओढल्यासारखी झाली, संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसायला लागली. जवळच्या एका डॉक्टरांनी मलम दिलं. दिवाळीचा फराळ तिनं एका हातानं केला, कारण तोवर काखेत दुसरी गाठ आली होती आणि तो हात वर होत नव्हता.

तेव्हा दुखायला लागलं. तेव्हा आम्ही धावलो.

[दृश्य: खासबाग मैदान, मग एका तालमीतली लाल माती. घाम, दंड-बैठका.]

मराठीत एक शब्दप्रयोग आहे, अंगावर काढणं. ताप अंगावर काढला, खोकला अंगावर काढला. त्यात तक्रार कमी आणि अभिमान जास्त असतो. आणि हे तर कुस्तीचं गाव. राजर्षी शाहूंनी खासबागचं मैदान बांधलं, पेठापेठांत तालमी उभ्या राहिल्या. मातीत उतरलेल्या पोराला पहिला धडा मिळतो तो दुखणं न दाखवण्याचा. शेतात उसाच्या पाल्यानं हात कापले तरी बाई खुरपं खाली ठेवत नाही. मला या चिवटपणाचा मनापासून आदर आहे. याच चिवटपणावर इथली घरं चालली आहेत.

पण या सवयीतून एक मोजमाप आमच्या मनात पक्कं बसलं. दुखलं तर आजार, नाही दुखलं तर काही नाही. आणि नेमका हा आजार त्या मोजमापात बसत नाही.

कॅन्सर म्हणजे आपल्याच शरीरातल्या पेशी, ज्यांनी थांबायचं सोडून दिलंय. सुरुवातीला तो एवढासा गोळा असतो. तो मज्जातंतूंवर दाब देत नाही, हाडापर्यंत पोचत नाही. मग दुखणार कसं? बहुतेक वेळा वेदना येते ती त्यानं आजूबाजूला हातपाय पसरल्यावर. म्हणजे ज्या दिवसाची आपण वाट बघत बसतो, तो दिवस उशीर झाल्याचा असतो. स्तनातली गाठ स्तनातच असताना सापडली, तर दहातल्या आठ-नऊ बायका पाच वर्षांनंतरही आपल्यात असतात. ती लांब हाडात, फुप्फुसात गेल्यावर हे गणित पार उलटतं. औषधं तीच, डॉक्टर तेच. फरक पडतो तो महिन्यांचा. चटणी ते दिवाळी एवढ्या महिन्यांचा.

[दृश्य: पानटपरी. प्लास्टिकच्या कागदात मावा घोळणारे हात. चेहरे नाहीत.]

पुरुषांचं वेगळं. भारतात पुरुषांना सगळ्यात जास्त होतो तो तोंडाचा कॅन्सर. तोंड रोज आरशात दिसतं. पोटातल्या आजारासाठी यंत्रं लागतात, इथं एक आरसा आणि बॅटरी पुरते. तरीही निम्म्याहून जास्त रुग्ण पुढच्या टप्प्यात येतात. मला हे सगळ्यात जास्त लागतं.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. मावा मात्र टपरीवर समोर घोळून मिळतो. सुपारी, तंबाखू आणि चुना. बरेच जण म्हणतात, मी तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो. त्यांना सांगायला हवं की जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. सुपारीनं गालाची आतली कातडी ताठ होत जाते. आधी तिखट झोंबतं. ज्या गावात तांबडा रस्सा वाटीनं पितात, तिथं माणूस अचानक पांढऱ्यावर येतो आणि म्हणतो, हल्ली तिखट सोसत नाही. मग जांभई देताना तोंड पूर्ण उघडत नाही.

हे बघत असाल तर आत्ता करून बघा. तीन बोटं एकत्र धरा आणि उभी तोंडात घाला. जात नसतील, तर उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा. गालात किंवा जिभेवर पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, विनाकारण हलणारा दात, हे सगळं दाखवायचं. यातलं बरंचसं अजून कॅन्सर झालेलं नसतं. सवय सोडली आणि वेळेत उपचार घेतले, तर पुष्कळदा ते तिथंच थांबवता येतं.

आणि मिश्री. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, दात घासायला. आपल्या कितीतरी आज्या, मावश्या सकाळ-संध्याकाळ ती लावतात. कुणी विचारलं, तंबाखू खाता का, तर मनापासून नाही म्हणतात. मिश्री हीसुद्धा तंबाखूच, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

[दृश्य: गावातलं उपकेंद्र. भिंतीवर लसीकरणाचा तक्ता. आशाताई वहीत नोंद करताना, चेहरा कॅमेऱ्याकडे नाही.]

एका विषयावर बायकाही आपसात बोलत नाहीत. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त गेलं, अंगावरून घाण वासाचं पांढरं जातंय, हे सांगायचं कुणाला? उपकेंद्राबाहेर भेटलेली एक बाई मला म्हणाली, "नवऱ्याला सांगायची लाज, सासूला सांगायची भीती." दीड वर्ष तिनं अंगावर काढलं होतं.

हा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो, एचपीव्ही. शरीरात शिरल्यापासून कॅन्सर व्हायला बहुतेकदा दहा, पंधरा, वीस वर्षं लागतात. इतका अवकाश देणारे आजार फार थोडे. तपासणी तर किती साधी. गर्भाशयाच्या मुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावायचं, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच. मिनिटभर थांबायचं. बिघडलेली जागा पांढरी दिसते. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मुंबईतल्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांसोबत हा अभ्यास केला. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविका होत्या. २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला, तेव्हा तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. त्याआधी, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, खेड्यातल्या बायकांची एचपीव्ही चाचणी आयुष्यात एकदाच केली गेली. आठ वर्षांत मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हे कुठल्या परदेशात घडलेलं नाही. आपल्यासारख्याच, लाजणाऱ्या, शेतातून हात धुऊन आलेल्या बायकांमध्ये घडलंय.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तोंडाची, आणि बायकांची स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. मुलींसाठी ९ ते १४ या वयात एचपीव्हीची लस आहे. पुण्यात तयार झालेली भारतीय लसही आली आहे. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी करायचीच.

[दृश्य: शिरोळ तालुका. नदीकाठ, उसाचं शिवार.]

शिरोळकडे चित्रीकरण करताना प्रत्येक जण आम्हाला नदी दाखवायचा. पाणी बघा, खतं बघा, फवारणी बघा. तिथल्या कॅन्सर रुग्णांची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे आणि हे प्रश्न विचारायलाच हवेत, जोरात विचारायला हवेत. पण हे सांगताना समोरच्याच्या गालात मावा असायचा. पाण्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर आपलं तोंड तपासायला कुणाची परवानगी लागत नाही.

[दृश्य: कोल्हापूर रेल्वे स्थानक, रात्र. महालक्ष्मी एक्स्प्रेस उभी.]

आत्याला आम्ही रात्रीच्या महालक्ष्मीनं मुंबईला नेलं. परळचं टाटा रुग्णालय १९४१ साली उघडलं. तेव्हापासून आपल्या भागातल्या किती पिढ्या रेल्वेनं तिकडे गेल्या असतील. पण गल्लीत 'टाटाला नेलं' याचा अर्थ एकच लावतात, संपलं. बरे होऊन परतलेले लोक त्याबद्दल बोलत नाहीत, त्यामुळे आठवणीत फक्त न परतलेले राहतात.

त्याआधी एक महिना आम्ही आणखी वाया घालवला होता. तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढायचा, तर शेजारणी म्हणाल्या, सुई लावू नका, सुई लागली की पसरतं. आम्ही सुशिक्षित घर, तरी थांबलो. आता कळतं, हा समज कुठून आला. आपण सुईपर्यंत पोचतोच इतके उशिरा, की त्यानंतर माणूस खंगतो. ते आधीच पसरलेलं असतं, दोष सुईला जातो. आणि तो तुकडा तपासल्याशिवाय कुठला कॅन्सर आहे, कुठलं औषध लागू पडेल, हे कुणालाच कळू शकत नाही.

घरात ठरलं होतं, तिला सांगायचं नाही. डॉक्टरांनाही आम्ही हात जोडून तेच सांगितलं. वॉर्डात एका दुपारी तिनं मला विचारलं, "खरं सांग, मला काय झालंय?" मी म्हणाले, "काही नाही आत्या, उष्णतेची गाठ आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला वाचता येत होतं. रुग्णालयाची पाटी तिनं आत शिरतानाच वाचली होती. त्यानंतर तिनं मला काहीच विचारलं नाही, तिची भीतीही सांगितली नाही. शेवटचं दीड वर्ष ती आमच्या खोट्याला सांभाळत जगली. तिचं ताट-वाटी घरात कुणीतरी वेगळं काढलं होतं, तेही तिनं मुकाट्यानं घेतलं. हा आजार एका ताटात जेवून लागत नाही. तेव्हाही लागत नव्हता.

आत्तापर्यंत मी 'आम्ही' म्हणत आले. पण 'उष्णतेची गाठ आहे' हे वाक्य माझं होतं, मी बोलले होते.

[दृश्य: सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा दर्शनी भाग, सकाळची गर्दी. मग उपनगरातलं एक घर, अंगण.]

आत्याच्या मुलीच्या लग्नाच्या वेळी हा विषय दाबला गेला. सोयरीक मोडेल म्हणून. खरं तर शंभरातल्या पाच-दहाच कॅन्सरमागे घराण्यातून आलेला दोष असतो. पण आई किंवा बहिणीला स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं, म्हणजे तपासणी लवकर सुरू होते. माझ्या या आतेबहिणीनं लग्नानंतर नवऱ्याला सगळं सांगितलं आणि दर वर्षी तपासून घ्यायला लागली. एका वर्षी लहानशी गाठ सापडली. हाताला लागतसुद्धा नव्हती. ऑपरेशन झालं, स्तन काढावा लागला नाही. किरणोपचार इथंच, कोल्हापुरात झाले. खर्चाचा मोठा भाग महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसला. तेव्हा रेशन कार्ड शोधायला गेलेली दुपार तिला ऑपरेशनपेक्षा जास्त लक्षात आहे.

आज त्याला सात वर्षं झाली. ती रंकाळ्यावर चालायला जाते आणि 'मला कॅन्सर झाला होता' हे वाक्य शुगरइतक्याच मोठ्यानं म्हणते. सुरुवातीला बायका दचकायच्या. आता चालता चालता जवळ येतात आणि हळूच विचारतात, कुठं दाखवलं होतंस गं?

आम्ही तिच्या घरी गेलो, तेव्हा ती सासूबाईंना घेऊन सीपीआरला निघाली होती. जुनी माणसं अजून त्याला थोरला दवाखाना म्हणतात. सासूबाई सत्तरीच्या, मिश्री लावणाऱ्या. त्यांचा पाय दारातून निघेना.

"मला काय दुखत न्हाई, खुपत न्हाई. कशाला नेतीयास?"

ती त्यांच्या चपला पुढे सरकवत म्हणाली, "दुखत न्हाई म्हणूनच नेतोय की, आई."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग पदर खोचला, मिश्रीची डबी कोनाड्यात ठेवली आणि चपला घातल्या.

[दृश्य: दोघी गल्लीतून रिक्षाच्या दिशेनं चालत जाताना. आवाज फक्त चपलांचा.]