देवमाशाच्या वाटेवर

सोलापूरकर श्रोतेहो, नमस्कार. समुद्र आपल्यापासून लांब. तरी आज देवमाशाचा फोटो जवळून कसा काढतात, ते सांगायचंय.

मी गेलो होतो प्रशांत महासागरातल्या टोंगा देशात, वावाऊ बेटांवर. अंटार्क्टिकाकडचे हंपबॅक देवमासे जुलै ते ऑक्टोबर तिथल्या कोमट पाण्यात येतात, पिल्लांना जन्म द्यायला. तिथल्या राजानं 1978 साली त्यांची शिकार बंद केली. आता लोक बघायला जातात. एका वेळी पाण्यात चौघं आणि एक वाटाड्या, बस्स. पाठीवर हवेची टाकी नाही, तोंडात नुसती नळी.

पाण्याखाली लांबची लेन्स कामाची नाही. मध्ये पाणी जितकं जास्त, तितका फोटो निळा, धुरकट. तांबडा रंग तर थोड्याच खोलीवर नाहीसा होतो. म्हणून वाइड लेन्स लावायची आणि जवळ असायचं. पण तेरा-चौदा मीटरचा हा प्राणी. शेपटी दोनदा हलवली की दिसेनासा.

खरं तर हे मला नान्नजच्या माळावर कळायला हवं होतं. माळढोकासाठी लपणगृहात पहाटेपासून बसायचो, मान अवघडायची, खोकलाही दाबायचो. गाडी घेऊन मागे लागणाऱ्यांना उडत्या पक्ष्याची पाठच मिळायची. आता तिथं माळढोक दिसणंच मुश्कील झालंय, जीव तुटतो.

तरी पहिल्या दिवशी मी जोरात पाय मारत निघालोच. आई पिल्लाला घेऊन खोल गेली. दर थोड्या मिनिटांनी श्वासाला वर येणारं, दुधावरचं पोर ते. त्याला मी उगाच पळवलं. रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी हात छातीशी धरून नुसता तरंगत राहिलो. खाली आई निपचित. तिच्या हनुवटीखालून पिल्लू वर आलं, टेम्पोएवढं. डोक्यावर गाठी, आणि गाठीगाठीत एकेक राठ केस. श्वास घेतला, वळलं, माझ्यापासून दोन हातांवर थांबलं. मोसंबीएवढा तपकिरी डोळा हळूच फिरून माझ्यावर आला.

तीनदा बटण दाबलं. पहिले दोन फोटो हलले. तिसऱ्यात तो डोळा लख्ख आहे, आणि खाली निळ्या अंधारात आईच्या पराची पांढरी कड.